पाचव्या मजल्यावरचं ऊन

९ ऑक्टोबर २००६, बॉथेल, सिअ‍ॅटलजवळ

कुरडया कचऱ्यात. सगळ्या. वरून कोरड्या, आतून बुरशी. ऑगस्टात ऊन होतं तेव्हा निखिलने सगळ्यांना यलोस्टोनला नेलं. सप्टेंबर संपता संपता मी हट्टाने घातल्या. गहू भिजवा, चीक काढा, सोऱ्या फिरवून खांदा दुखवून घ्या, आणि डेकवर धुकं. मग गराजमध्ये पंख्याखाली. निर्णय माझा, चूक माझी.

हे म्हणाले, "अगं, इंडियन स्टोअरमध्ये मिळतात की." इतक्या वर्षांत यांना विकतची कुरडई आणि घरची कुरडई वेगळी लागलेली नाही.

पाऊस सकाळपासून.

१२ ऑक्टोबर

कोबेहून केइकोची ई-मेल. मोरितासानची मुलगी. आम्ही तिथे राहत होतो तेव्हा दोन वेण्या घालून जिन्यात उड्या मारायची. आता तिची मुलगी कॉलेजात आहे. इंग्रजी नीटनेटकं. मोरितासान उन्हाळ्यापासून वृद्धांच्या घरी. गुडघे गेले. पाचव्या मजल्यावरचं कोपऱ्याचं घर विकायला काढलंय.

शेवटची ओळ: "आई म्हणते, आधी खालच्या पापडवाल्या बाईंना विचार."

खाली जाहिरातीची लिंक. उघडली नाही. भाजी करपत होती.

१३ ऑक्टोबर

उघडली. सून गौरी लॅबमध्ये, सई शाळेत, हे लायब्ररीत. घरात कोणी नसताना उघडायचं काय कारण होतं, माहीत नाही.

जपानी अजून अडखळत वाचता येतं. कोपऱ्याचं घर. पाचवा मजला. दक्षिण आणि पूर्व मोकळी. ऊन उत्तम. ही उन्हाची ओळ किमतीच्या वर आहे. इथे घराच्या जाहिरातीत आधी गराज किती गाड्यांचं ते सांगतात.

सहा फोटो. मोठी खोली रिकामी, चटया उडालेल्या रंगाच्या, त्यांवर उन्हाचा तिरपा पट्टा. माणूस नाही, सामान नाही, फक्त ऊन बसलेलं. बाल्कनीच्या कठड्याला मी दोरी बांधायची ती कडी अजून आहे का पाहिलं. फोटो मोठा केला की नुसते चौकोन दिसतात.

गौरी लवकर आली. "आई, काय बघताय?"

"हवामान."

खोटं बोलले. शाळेत मुलींना यासाठी बाकावर उभं केलंय.

१५ ऑक्टोबर

आमचं कोबेचं घर दुसऱ्या मजल्यावर, उत्तरेला. कंपनीने दिलेलं. समोर दुसऱ्या इमारतीची भिंत. निखिल तिथेच झाला. दुपटी वाळायची नाहीत, मी स्टोव्हवर धरून वाळवायची. एकदा ओल्या दुपट्यांची बादली घेऊन जिन्यात उभी होते. रडत नव्हते, पण जवळपास. वरून मोरितासान उतरत होत्या. काही बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तरी मला कळलं नसतं. माझं मनगट धरलं आणि थेट पाचव्या मजल्यावर.

दार उघडलं आणि मी डोळ्यांवर हात घेतला. इतकं ऊन.

पुढच्या वसंतात तांदळाच्या पापड्या त्यांच्या बाल्कनीत. एका बाजूला त्यांच्या गाद्या, दुसऱ्या बाजूला माझं वाळवण. त्या वेताने गाद्या झोडपायच्या, मी कावळे हाकलायची. जपानी तांदूळ चिकट, पापडी सुरेख निघायची. दुपारी दोघी अर्धवट वाळलेल्या पापड्या उचलून खायचो. मी सांगितलं, आमच्याकडे हे मुलं चोरून खातात. खुणांनी सांगितलं. त्यांनी लगेच पाठ फिरवून एक चोरली.

पुण्याला परतल्यावर ऊन इतकं होतं की त्याची आठवण काढायचं कारण पडलं नाही. इथे येऊन पाच वर्षं झाली. आता काढते.

२२ ऑक्टोबर

रविवारचा पुण्याचा फोन. कुंदाला सांगितलं. धाकटी असून ओरडली.

"ताई, दक्षिणेकडचं घर? यमाची दिशा ती! शत्रूला सांगू नये."

"जपानात दक्षिणेच्या घराला जास्त पैसे पडतात."

"पडू देत. यम जपानात जात नाही का?"

हसले. फोन ठेवल्यावरही हसत होते. मग एक आठवलं. कोबेला मी देव ईशान्येच्या कोपऱ्यात मांडले होते, आईने सांगितलं होतं तसे. मोरितासान पहिल्यांदा खाली चहाला आल्या आणि देव्हारा बघून चहा अर्धाच टाकून गेल्या. मला वाटलं, मूर्तिपूजा आवडली नसेल. पुढे जपानी थोडं कळायला लागल्यावर उलगडलं: त्यांच्याकडे ईशान्य म्हणजे राक्षस शिरायची वाट. आणि मी बिचाऱ्या देवांना नेमकं तिथे बसवलेलं! चहाच्या दुसऱ्याच दिवशी त्या लाल फळांच्या झुडपाची कुंडी घेऊन आल्या आणि त्या कोपऱ्याच्या बाहेर, पॅसेजमध्ये ठेवली. बंदोबस्त. मी देव हलवले नाहीत, त्यांनी कुंडी हलवली नाही.

इथे देव मायक्रोवेव्हशेजारच्या कपाटात. उदबत्ती लावली की छतावरचा अलार्म बोंबलतो.

२९ ऑक्टोबर

जेवताना सांगून टाकलं. चोरून बघत बसणं मला शोभत नाही.

निखिल इंजिनिअर. त्याने आधी इमारतीचं वय विचारलं. "आई, नव्या भूकंप-नियमांच्या आधीचं बांधकाम आहे. इन्व्हेस्टमेंट म्हणून झीरो."

"पंच्याण्णवच्या भूकंपात उभी राहिली ती. आणि इन्व्हेस्टमेंट कोण म्हणालं?"

"मग कशाला?"

"राहायला."

सई म्हणाली, "व्हॉट? व्हेअर?" गौरीने तिला पोळी वाढली, तिच्या ताटात एक असताना. हे वरण ओरपत राहिले.

मग गौरी, हळू: "आई, तुम्हाला इथे काही त्रास होतोय का? माझं काही..."

"तुझं काही नाही. कोशिंबीर घे."

कठोर बोलले असेन. पण याहून मऊ मला येत नाही. पोरगी चांगली आहे. घरही चांगलं आहे. माझी खोली उत्तरेला, खिडकीत सीडारचं झाड, दिवसा दिवा. एवढंच.

४ नोव्हेंबर

गौरीने एक पांढरा दिवा आणलाय. ट्रेएवढा. सकाळी अर्धा तास समोर बसायचं. तिच्या लॅबमधल्या दोघी-तिघी बसतात म्हणे. "इथे हिवाळ्यात पुष्कळांना होतं, आई. डिप्रेशन म्हणजे तसं वेडबीड काही नसतं."

म्हणजे घरात असं ठरलंय की मला आजार झालाय.

निखिलने भाज्या-फळं वाळवायचं यंत्र ऑर्डर केलं. त्यात कुरडया होतील म्हणतो. बिचारा.

बसले दिव्यासमोर. पेपर वाचला. उजेड होता. ऊन नव्हतं. हे डोकावून म्हणाले, "तुझा फोटो काढतायत असं वाटतंय. जरा हस."

११ नोव्हेंबर

यंत्रातल्या कुरडया वाळल्या. तळल्या, फुलल्या. चव ठीक. निखिल इतका खूश झाला की मला वाईट वाटलं.

१८ नोव्हेंबर

यांच्याशी बोलणं झालं. हे डेकवरची पानं झाडत होते, मी सुपली धरून.

"तुम्हाला कोबेतलं काय आठवतं?"

बराच वेळ झाडत राहिले. "ऑफिस. साहेबापुढे वाकायचं. किती वाकायचं ते चुकायचं. माझ्यामागे हसायचे. संध्याकाळी घरी आलो की तू वरच्या मजल्यावरच्या गोष्टी सांगायचीस. मला वाटायचं, ही वेगळ्याच गावात राहते."

"सांगितलं नाहीत कधी."

"तुझी मजा कशाला घालवू?"

मग म्हणाले, "मी परत जाणार नाही. स्पष्ट सांगतो. इथे मला कोणी घाई करत नाही. सईला शाळेतून आणतो, लायब्ररीत बसतो. मला बरं वाटतंय इथे, आयुष्यात प्रथमच."

यांना ऊन लागत नाही. माणूस असा सावलीत खूश असू शकतो. सुपली उचलून पानं टाकली.

२६ नोव्हेंबर

निखिलने माहिती काढली. त्याचा स्वभाव, पटलं नाही तरी माहिती पक्की काढतो. घर परक्याला घेता येतं, पण घर घेतलं म्हणून तिथे राहता येत नाही. आपल्या पासपोर्टवर दर वेळी व्हिसा, तोही ते देतील तेवढ्याच दिवसांचा. अमेरिकन पासपोर्ट असेल तर तीन महिने नुसतं चालत जायचं.

"म्हणजे आई, कोबेत राहायचं तर आधी अमेरिकन हो." गेली दोन वर्षं सिटिझनशिप घे म्हणून मागे लागलाय. डोळ्यांत चमक.

त्याला वाटलं, मी अडकले. मलाही वाटलं.

तीन महिने. चैत्र, वैशाख, ज्येष्ठ. वाळवणाला तेवढंच लागतं. नंतर तिथेही पावसाळाच.

काय हिशेब करत बसलेय.

१५ डिसेंबर

वादळ. आमच्या गल्लीत तीन झाडं आडवी. वीज नाही, हीटर नाही, फोन नाही. माझ्या खिडकीतला सीडार मुळासकट शेजारच्या कुंपणावर. कोणाला लागलं नाही.

निखिल-गौरी दोघंही भांबावलेले. मी कॅम्पिंगची शेगडी काढायला लावली, डेकवर आडोसा करून खिचडी टाकली. सगळ्यांना एका खोलीत आणलं. शेजारची म्हातारी एकटी असते, तिलाही बोलावलं. तिने खिचडी दोनदा घेतली आणि हे कसलं रिसोटो म्हणून विचारलं.

१७ डिसेंबर

वीज अजून नाही. आणि आकाश स्वच्छ! सीडार गेल्यामुळे माझ्या खोलीत, उत्तरेच्या खोलीत, समोरच्या घराच्या काचेवरून उलटून आलेलं ऊन. भिंतीवर हाताएवढं. मी खुर्ची ओढून बसले.

सई येऊन मांडीवर बसली. या वयाला जड झालीय. "आजी, दॅट हाउस इन जपान. इज इट लाइक धिस?"

"याहून पुष्कळ जास्त. सगळ्या खोलीभर."

"आर यू लीव्हिंग अस?"

"मराठीत विचार."

विचार करून म्हणाली, "तू आम्हाला टाकून जातेस?"

इंग्रजीत उत्तर देणं सोपं गेलं असतं. म्हटलं, "टाकून नाही." मग कसं, ते तिने विचारलं नाही. मलाही माहीत नव्हतं. ऊन गेलं तसं दोघी उठलो.

१४ जानेवारी २००७

केइकोची मेल. ओसाकाचं एक जोडपं घर बघून गेलं. त्यांना आवडलंय. चटया काढून लाकडी जमीन करणार, बाल्कनी काचेने बंद करणार. घाई नाही, पण महिनाअखेर कळवावं. आई दर रविवारी विचारते.

बाल्कनी बंद करणार!

पैशाचा प्रश्न नाही. पुण्याचं घर विकल्यानंतर माझ्या नावाचा हिस्सा तसाच पडून आहे. प्रश्न पैशाचा असता तर बरं झालं असतं. नाही म्हणायला कारण मिळालं असतं.

२१ जानेवारी

केइको आईजवळ असताना फोन लावला. आधी जपानी वाक्यं मनात जुळवून ठेवली होती. आवाज ऐकला आणि सगळी पळाली.

मोरितासानचा आवाज लहान झालाय. त्यांनी काय विचारावं? "पापडी करता का?"

म्हटलं, इथे ऊन नाही.

मग म्हणाल्या, "इथेही नाही. माझी खोली उत्तरेला आहे."

दोघी फोन धरून बसलो.

मग हळूहळू, मला कळावं म्हणून एकेक शब्द सुटा करून: केइको रविवारी नेते म्हणाली होती, घर बघायला. पण रिकाम्या घरात कशाला जायचं? कोणीतरी आत असलं, चहा ठेवला, तर पाहुणी म्हणून जाता येतं. ओसाकाच्या लोकांकडे कसं जाणार? ते ओळखत नाहीत.

म्हणजे त्या मला घर विकत नाहीत. त्यांना तिथे बसायला जायचंय.

मी "हो" म्हटलं नाही. "येते बघायला" म्हटलं. जपानीत नक्की काय बोलले देव जाणे. त्या हसल्या.

२२ जानेवारी

निखिलला सांगितलं, तिकीट काढ. एप्रिलचं. एकीचं. परतीचं काढायचं का, मीच विचारलं.

"आई, परतीचं काढावंच लागतं."

"मग काढ."

"आणि घर?"

"बघून ठरवीन. केइको थांबते म्हणाली आहे, मी येईपर्यंत."

तिकिटासाठी लॅपटॉप उघडता उघडता म्हणाला, "मी तिथे जन्मलो ना? आणि मला काहीच आठवत नाही, यार." मला यार म्हणाला. पहिल्यांदाच रागावले नाही. "तुझी दुपटी तिथेच वाळली," एवढं सांगितलं.

२० फेब्रुवारी

सिअ‍ॅटलला जपानी वकिलातीत, व्हिसासाठी. खिडकीतल्या मुलीने जायचं कारण विचारलं. मैत्रिणीला भेटणं, म्हटलं. मैत्रिणीचं वय? ऐंशीच्या पुढे. तिने मान वाकवली. मी परत वाकवली, बरोबर तेवढीच. यांना ते कधी जमलं नाही.

२४ मार्च

मंडळाचा पाडवा. हॉलमध्ये गुढी, बाहेर भुरभुर. श्रीखंडाच्या रांगेत मला गाठून एक बाई: "काकू, तुम्ही म्हणे जपानला शिफ्ट होताय? काका पण?"

बातमी कुठून फुटली, कळलं. हे पलीकडे दोन जणांना रंगवून सांगत होते: "आमची बायको पाचव्या मजल्यावर निघालीय, मी तळमजल्यावरच बरा." लोक हसत होते. यांनी माझ्याकडे बघितलं तेव्हा हे हसत नव्हते.

गाडीत म्हणाले, "व्हिसाचे तीन महिने मी काढीन. त्यापुढचं मला आत्ता विचारू नकोस."

"मी विचारलंय कुठे?"

"तेच तर."

वायपर चालू.

८ एप्रिल

बॅग भरली. गौरीने मोरितासानसाठी शाल आणली, माझ्याकडून द्या म्हणाली. साबुदाणा घेतला. सोऱ्या घेतला, वजनदार आहे तरी. सईने चित्र काढलंय: उंच इमारत, वर कोपऱ्यात पिवळा चौकोन, त्यात पातळ नेसलेली बाई. खाली रस्त्यावर चार माणसं वर बघतायत. चौघांनाही हात नाहीत. घाईत राहिले म्हणाली.

पांढरा दिवा मी वायर गुंडाळून कपाटात ठेवत होते. हे म्हणाले, "राहू दे बाहेर. मी बसेन त्याच्यासमोर."

"तुम्हाला कशाला?"

"बघतो काय असतं ते."

९ एप्रिल, सकाळ

आंघोळ, पूजा. आज सावकाश केली.

पुण्याहून कोबेला गेलो तेव्हा देव माझ्या पर्समध्ये होते. कोबेहून पुण्याला आलो तेव्हाही. इथे आलो तेव्हाही. बॅगेत कधी टाकले नाहीत. सामान मागून आलं तरी चालायचं. देव पर्समधून निघून जिथे मांडले तिथे बिऱ्हाड. नुसतं भेटायला जाताना कोणी देव नेत नाही. चार-आठ दिवस गावाला जाताना शेजारच्या बाईला सांगतात, एक फूल वाहा.

पंचायतन यांच्या घरचं. त्याला हात लावायचा प्रश्न नाही. अन्नपूर्णा माझी, आईने लग्नात दिलेली.

हे दारात आले. पायात बूट, हातात गाडीची किल्ली. ताम्हणाकडे बघितलं, माझ्या उघड्या पर्सकडे बघितलं.

"तिकडे ईशान्येला काय आहे? वरच्या घरात?"

"मोरितासानचं शिवणयंत्र असायचं. आता रिकामं असेल."

"हं." मग म्हणाले, "मी गाडी काढतो. तुझं होऊ दे."

गेले. मी हे लिहायला बसले. बाकी देव पुसून कपाटात ठेवले. अन्नपूर्णा पर्सशेजारी रुमालावर आहे. पितळेवरचं पाणी इथे लवकर सुकत नाही. खाली यांनी हॉर्न वाजवलेला नाही. वाजवणारही नाहीत.

अजून थोडी ओली आहे.